ब्रेक कॅलिपर

ब्रेक कॅलिपर हा मोटारगाडीच्या डिस्क ब्रेकमधील प्रमुख भाग होय. चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या चकतीवर तो दोन्ही बाजूंनी ब्रेक पॅड दाबतो व त्या घर्षणाने गाडीचा वेग कमी होतो. डिस्क ब्रेकचे पेटंट ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये घेतले.

रचना व कार्य

भारतातील बहुतेक छोट्या मोटारींत सरकता कॅलिपर असतो. पायपट्टी दाबताच ब्रेक तेलाच्या दाबाने त्यातील दट्ट्या पुढे येतो आणि कॅलिपर दोन पिनांवर सरकून पलीकडील पॅडही चकतीला भिडवतो. दाब सुटल्यावर दट्ट्याभोवतीचे ताणलेले रबरी कडे पूर्वस्थितीत येऊन त्याला किंचित मागे ओढते. त्यामुळे पिना गंजल्यास किंवा कडे खराब झाल्यास ब्रेक पूर्णपणे सुटत नाही.

बिघाडाची लक्षणे

ब्रेक दाबताना गाडी एका बाजूस ओढणे, एकच चाक अधिक तापणे, जळका वास येणे आणि आतील व बाहेरील पॅडची झीज असमान होणे ही कॅलिपर अडकल्याची लक्षणे आहेत.

वाशीम जिल्ह्यातील काळी चिकट माती पावसाळ्यात चाकांच्या आतील भागात साचून राहते. अर्धवट अडकलेला ब्रेक गावाकडील मंद वाहतुकीत सहसा ध्यानात येत नाही. जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० किमी आहे. अशा वेगात तापलेल्या चाकातील ब्रेक तेल उकळू शकते. वाफ दाबली जात असल्याने पायपट्टी खाली जाते, परंतु ब्रेक लागत नाही. डॉट-३ तेलाचा किमान उत्कलनबिंदू नवे असताना २०५° से., तर पाणी शोषल्यावर १४०° से. मानला जातो.

घरगुती देखभाल

गाडी सपाट, टणक जागी उभी करून चाकांना अडण लावावी. केवळ जॅकच्या भरवशावर काम न करता भक्कम आधार द्यावा. कॅलिपर सोडवल्यावर तो रबरी नळीला लोंबकळू न देता तारेने बांधावा. पिना ब्रेक क्लीनरने पुसून त्यांवर ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावावे. पेट्रोल, डिझेल वा इंजिन तेल रबरी भागांस लावू नये. पॅडची धूळ फुंकू नये. जोडणीनंतर पायपट्टी घट्ट होईपर्यंत वारंवार दाबावी व त्यानंतरच गाडी हलवावी.

मर्यादा

तेलगळती, दट्ट्यावरील गंज, फाटलेले रबरी आवरण किंवा मऊ लागणारी पायपट्टी आढळल्यास गाडी न चालवता कुशल कारागिराकडून दुरुस्ती करून घ्यावी. एका बाजूचे पॅड बदलताना त्याच आसावरील दुसऱ्या चाकाचेही बदलावे लागतात.