धीर, अदलाबदल आणि दुखापत : कल्पित क्रीडासंघाच्या खेळाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

२२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळून ऑनलाइन खेळांच्या प्रवर्तन व नियमनाचा केंद्रीय कायदा अस्तित्वात आला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांना, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, या कायद्याने मनाई केली. मुंबईत जन्मलेल्या ‘ड्रीम इलेव्हन’ या कंपनीने त्याच सुमारास आपल्या पैशाच्या स्पर्धा थांबवल्या आणि भारतीय क्रिकेट संघाच्या गणवेशावरील तिचे नावही उतरले. या घटनेनंतर झालेली चर्चा बहुतांशी एकाच प्रश्नाभोवती फिरली. कल्पित संघाचा खेळ हे कौशल्य की जुगार, हा तो प्रश्न होय.

प्रस्तुत लेखात हाच प्रश्न थोड्या वेगळ्या बाजूने तपासण्याचा प्रयत्न केला आहे. कल्पित संघाच्या खेळात, ज्याला रूढ भाषेत फँटसी स्पोर्ट्स म्हटले जाते, खेळणारा प्रत्यक्ष मैदानावरील खेळाडूंमधून आपला काल्पनिक संघ निवडतो आणि त्या खेळाडूंच्या खऱ्या कामगिरीवरून त्याला गुण मिळतात. हा खेळ जन्मला तेव्हा तो संपूर्ण हंगामाचा होता. भारतात तो रुजला तेव्हा मात्र एका सामन्याचा झाला. या रूपांतरात खेळाचे नाव कायम राहिले, परंतु त्याचे मर्म मागे पडले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

विद्यापीठाच्या प्रांगणातील उगम

या खेळाच्या प्रारंभीच्या इतिहासात प्राध्यापकांचा वाटा मोठा आहे, ही गोष्ट अध्यापकवर्गाला कुतूहलाची वाटेल. १९६० साली अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ विल्यम गॅमसन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह बेसबॉलच्या खेळाडूंचे काल्पनिक संघ करून हंगामाअखेरच्या आकडेवारीवरून विजेता ठरवण्याचा उपक्रम सुरू केला. त्याला त्यांनी ‘बेसबॉल सेमिनार’ असे भारदस्त नाव दिले. पुढे गॅमसन मिशिगन विद्यापीठात गेले आणि तेथील इतिहासाचे अध्यापक रॉबर्ट स्क्लार यांच्यासारखे सहकारी या खेळात सामील झाले. स्क्लार यांच्याकडून त्याची माहिती डॅनियल ओक्रेंट या विद्यार्थ्याला मिळाली.

हेच ओक्रेंट पुढे लेखक व संपादक म्हणून नावारूपाला आले. १९८० मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमधील मित्रांसह ‘रोटिसरी लीग’ स्थापन केली. ज्या उपाहारगृहात ही मंडळी जमत असत त्याचेच नाव स्पर्धेला मिळाले. प्रत्येक संघमालकाने २६० डॉलरच्या मर्यादेत लिलावातून २३ खेळाडू घ्यावयाचे आणि संपूर्ण हंगाम तो संघ सांभाळावयाचा, असा नियम होता. येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. पैसा या मूळ खेळातही होता. त्यामुळे मूळ खेळ निर्मळ आणि नंतरचा तेवढा दूषित, अशी सोपी विभागणी इतिहासाला धरून होणार नाही. फरक अन्यत्र आहे.

हंगामाच्या व्यवस्थापनाच्या तीन कसोट्या

हंगामभर चालणाऱ्या खेळात संघनिवड ही केवळ सुरुवात असते. त्यानंतर मालकाची खरी परीक्षा तीन ठिकाणी होते.

पहिली कसोटी अदलाबदलीची. आपल्याकडे फलंदाज जास्त आणि गोलंदाज कमी असतील, तर दुसऱ्या मालकाशी बोलणी करून एक देऊन एक घ्यावा लागतो. समोरच्याची गरज ओळखणे, आपल्या खेळाडूचे मोल आपल्याच मनात अवास्तव वाढले नाही ना हे तपासणे आणि योग्य वेळी सौदा करणे, या गोष्टी येथे लागतात.

दुसरी कसोटी दुखापतीची. खेळाडू जायबंदी झाला तर त्याच्या जागी कोण, तो किती आठवड्यांनी परतेल, तोवर जागा अडवून ठेवावी की सोडावी, हे ठरवावे लागते. दुखापत होणे हा योगायोग असला, तरी तिच्याशी कसे वागावे हा निर्णयाचा भाग होतो.

तिसरी आणि सर्वांत अवघड कसोटी धीराची. चांगला खेळाडू सलग चार सामन्यांत अपयशी ठरला म्हणजे त्याला टाकून द्यावे काय? या संदर्भात सचिन तेंडुलकर यांचे उदाहरण बोलके आहे. पहिल्या दोन एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यांत ते शून्यावर बाद झाले होते आणि या प्रकारातील त्यांचे पहिले शतक सप्टेंबर १९९४ मध्ये, ७९ व्या सामन्यात झाले. एका सामन्यावरून अनुमान काढणाऱ्याला या फलंदाजाची योग्यता कळली नसती. ती कळण्यासाठी काळ जावा लागला.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २००२-०३ च्या हंगामापासून चालवलेल्या विनामूल्य खेळाची रचना या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तेथे १५ खेळाडूंचा संघ असतो. आठवड्याला एक बदल मोफत मिळतो, त्याहून अधिक बदल केल्यास प्रत्येकी चार गुण वजा होतात आणि न वापरलेला बदल पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवता येतो. निवडलेला खेळाडू मैदानात उतरलाच नाही, तर राखीव खेळाडू आपोआप त्याची जागा घेतो. म्हणजे उतावळेपणाला दंड, संयमाला बक्षीस आणि दुखापतीसाठी तजवीज, अशी ही व्यवस्था आहे.

भारतातील आगमन आणि एका दिवसाचा खेळ

भारतात या खेळाची व्यापक ओळख २००१ च्या सुमारास ईएसपीएन-स्टार स्पोर्ट्सच्या ‘सुपर सिलेक्टर’ या उपक्रमाने करून दिली. त्यानंतर २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली आणि त्याच वर्षी हर्ष जैन व भावित शेठ यांनी मुंबईत ड्रीम इलेव्हनची स्थापना केली. प्रारंभी हा खेळ हंगामभराचा व विनामूल्य होता. तो अपेक्षेप्रमाणे चालला नाही. २०१२ मध्ये कंपनीने एका सामन्यापुरता, प्रवेशशुल्क भरून खेळावयाचा प्रकार आणला आणि तेथून चित्र पालटले. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि हा खेळ शहरांबाहेर पोहोचला. २०१९ मध्ये कंपनीचे मूल्यांकन १०० कोटी डॉलरच्या पुढे गेले आणि २०२० मध्ये तिने २२२ कोटी रुपये मोजून आयपीएलचे मुख्य प्रायोजकत्व मिळवले.

या नव्या स्वरूपाची रचना पाहिली असता वर सांगितलेल्या तिन्ही कसोट्या गळाल्याचे दिसून येते. खेळणाऱ्याने १०० श्रेयांकांच्या मर्यादेत ११ खेळाडू निवडावयाचे आणि त्यांतून कर्णधार व उपकर्णधार ठरवावयाचा. कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. सामना सुरू झाला की बदल बंद. दुसऱ्या मालकाशी सौदा करण्याची सोयच नाही, कारण एकच खेळाडू लक्षावधी संघांत एकाच वेळी असू शकतो. पहिल्या षटकात गोलंदाजाचा पाय मुरगळला तर खेळणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. जी दुखापत हंगामाच्या खेळात निर्णयाचा विषय होती, ती येथे निव्वळ दैवाचा विषय झाली. धीर धरण्याचा प्रश्न तर उद्भवतच नसे, कारण रात्री सामना संपे आणि दुसऱ्या दिवशी नवे शुल्क भरून नवा संघ करावयाचा असे. रोटिसरी लीगमध्ये पैसा वर्षातून एकदा लावला जाई. २०२२ पासून आयपीएलच्या एका हंगामात ७४ सामने होऊ लागले आणि प्रत्येक सामना पैसा लावण्याची नवी संधी ठरला.

न्यायालयीन दृष्टी

कौशल्य आणि नशीब यांतील भेदाची कायदेशीर परंपराही मुंबईशी निगडित आहे. शब्दकोड्यांच्या बक्षीसस्पर्धांवर तत्कालीन मुंबई राज्याने घातलेल्या निर्बंधांतून उद्भवलेल्या चमारबागवाला खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये असे तत्त्व मांडले की, ज्या स्पर्धेतील यश मोठ्या प्रमाणात कौशल्यावर अवलंबून असते ती जुगार ठरत नाही. १९६७ मध्ये रमीला आणि १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींना हेच तत्त्व लागू झाले. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०१९ रोजी ड्रीम इलेव्हनचा खेळ कौशल्याचा असल्याचे मान्य केले.

या निकालांचा भर संघ निवडताना लागणारे ज्ञान व विवेक यांवर होता आणि ते ज्ञान लागते यात शंका नाही. तथापि किती काळात हे कौशल्य नशिबावर मात करते, हा प्रश्न चर्चेच्या केंद्रस्थानी आला नाही. यावर असा प्रतिवाद संभवतो की, शेकडो सामन्यांचे निकाल एकत्र पाहिले तर जाणकार खेळणारा दैनिक प्रकारातही सरस ठरतो. हा प्रतिवाद रास्त आहे. परंतु त्याचा अर्थ असा होतो की, कौशल्य प्रकट होईपर्यंत टिकून राहण्याइतके भांडवल ज्याच्याजवळ आहे, त्यालाच ते फळते. हंगामाच्या खेळात धीर हा स्वभावाचा गुण होता. दैनिक खेळात त्याची जागा खिशाने घेतली. मर्यादित खर्चाच्या पैशावर खेळणारा महाविद्यालयीन विद्यार्थी नेमका या ठिकाणी दुबळा ठरतो. त्याचे ज्ञान कमी नसते, परंतु ते सिद्ध होण्याआधीच त्याचे पैसे संपतात.

प्रत्यक्ष मैदानाचा दाखला

खऱ्या संघांच्या व्यवस्थापकांना मात्र काळाची ही अट टाळता आलेली नाही. २००९ मध्ये आयपीएलमध्ये अदलाबदलीची मुभा प्रथम मिळाली, तेव्हा श्रीरामपूरचा झहीर खान बंगळूरकडून मुंबईकडे आला आणि रॉबिन उथप्पा मुंबईकडून बंगळूरला गेला. मुंबईने गोलंदाजीची उणीव भरण्यासाठी एक चांगला फलंदाज दिला. २०२२ च्या लिलावात मुंबई इंडियन्सने जोफ्रा आर्चरला ८ कोटी रुपयांना घेतले, तेही तो त्या वर्षी खेळणार नाही हे ठाऊक असताना. त्या हंगामात मुंबई तळाला राहिली. २०२३ मध्ये आर्चर आला, पण पाचच सामने खेळून तंदुरुस्तीअभावी परतला आणि हंगामानंतर संघाने त्याला मुक्त केले. धीर धरला म्हणजे फळ मिळतेच असे नाही, हेही या उदाहरणावरून स्पष्ट होते.

याउलट कबड्डीतील पुणेरी पलटणचा अनुभव आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून पहिल्या विजेतेपदासाठी या संघाला दहाव्या हंगामाची वाट पाहावी लागली. तरुण खेळाडूंना एकत्र ठेवून वाढवण्याचे धोरण संघाने अवलंबले. डिसेंबर २०२२ मध्ये अंतिम सामना गमावल्यावरही तो गाभा मोडला नाही. १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ असा विजय मिळवून पलटणने चषक जिंकला. पुढच्याच हंगामात कर्णधार अस्लम इनामदार दुखापतीमुळे बाहेर गेला आणि विजेता संघ बाद फेरीही गाठू शकला नाही. धीर, यश आणि दुखापत यांचे हे चक्र एका सामन्याच्या चौकटीत मावणारे नाही.

रत्नागिरीच्या संदर्भात

लिलाव करून संघ बांधण्याची ही पद्धत आता कोकणातील खेड्यांनाही अपरिचित राहिलेली नाही. रत्नागिरी जिल्ह्यात आणि मुंबईतील चाकरमान्यांच्या मैदानांवर होणाऱ्या टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धांत गावातीलच खेळाडूंचा लिलाव अनेक ठिकाणी होतो. संघमालकाला ठरावीक गुण दिले जातात आणि त्यांत त्याला संघ बसवावा लागतो. चढ्या बोलीच्या भरात एका फलंदाजावर निम्मे गुण खर्च केले, तर उरलेल्यांत यष्टिरक्षक कसा मिळवावा, हा पेच ओक्रेंट यांच्या मित्रांना पडलेल्या पेचाहून वेगळा नाही.

येथील एक विशेष मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. गावातील मालक आणि खेळाडू यांचा संबंध सामन्याबरोबर संपत नाही. आज झेल सोडणारा मुलगा उद्या शिमग्याला पालखी नाचवताना शेजारी असतो. पुढच्या वर्षीही लिलाव याच मुलांमधून व्हावयाचा असतो. त्यामुळे दुखावलेल्या खेळाडूला सांभाळून घेणे आणि अपयशी ठरलेल्याला पुन्हा संधी देणे येथे सहज घडते. मोबाइलवरील संघात तोच खेळाडू केवळ एका संध्याकाळचा आकडा असतो. त्याला टाकून देण्यास काहीच मोल पडत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. कल्पित संघाचा खेळ अभ्यासकांच्या कुतूहलातून जन्मला आणि अदलाबदल, दुखापतीचे नियोजन व धीर ही त्याची मूळ अंगे होती. भारतात २०१२ नंतर व्यापारी यश मिळाले ते ही अंगे छाटून. न्यायालयांनी कौशल्याचे अस्तित्व मान्य केले ते योग्यच होते, परंतु त्या कौशल्याला लागणारा काळ खेळातून वजा झाला होता. २०२५ च्या कायद्याने कौशल्य व नशीब हा भेदच बाजूला ठेवून पैशावर बोट ठेवले. त्यामुळे विनामूल्य, हंगामभराच्या खेळाचा मार्ग मोकळाच राहिला आहे.

अध्यापकांच्या दृष्टीने हा मार्ग विचारार्ह आहे. संख्याशास्त्रातील सरासरी आणि विचलन, अर्थशास्त्रातील मर्यादित साधनांचे वाटप आणि वाणिज्य शाखेतील वाटाघाटी या तिन्ही गोष्टी एका हंगामाच्या कल्पित संघातून विद्यार्थ्यांना अनुभवता येतील. १९६० मध्ये गॅमसन यांनी आपल्या खेळाला ‘सेमिनार’ म्हटले ते बहुधा गमतीने. ते नाव सार्थ करणे मात्र महाविद्यालयांना अशक्य नाही. त्यासाठी पैशाची गरज नाही, एक संपूर्ण हंगाम थांबण्याची तयारी हवी.