वीसच्या आकड्याची कुळकथा

वडिलांच्या नाटकाची डीव्हीडी माझ्याकडे आहे. २००५चा गणेशोत्सव, सोसायटीच्या पटांगणातला मंडप, अडीच तासांचं हौशी नाटक. शेवटच्या प्रसंगात दिवे हळूहळू मंद होतात आणि वडील मागच्या काळ्या पडद्याकडे वळतात. त्या काळी मी हे नाटक एका सीडीत बसवलं होतं. फाइल बसली, पण पडद्यावर राखाडी चौकोन सरकू लागले आणि वडिलांचा अर्धा चेहरा त्यांत गेला.

परवा तीच डीव्हीडी पुन्हा रिप करायला घेतली. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये दर्जाची एक पट्टी असते, ती सरकवली की आकडा बदलतो. १८, २०, २२. आकडा जितका लहान, तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. हा आकडा आणि ते चौकोन एकाच घराण्यातले.

या घराण्याचे मूळपुरुष नासिर अहमद. जन्म १९४०, बंगळूर. कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असताना, १९७२ साली, त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे एका संशोधनासाठी पैसे मागितले. कल्पना फारच साधी वाटते म्हणून प्रस्ताव नामंजूर झाला. १९७३चा उन्हाळा त्यांनी पगाराविना काढला, पण काम सोडलं नाही. सोबत विद्यार्थी टी. नटराजन आणि मित्र के. आर. राव. जानेवारी १९७४मध्ये तिघांचा निबंध छापून आला आणि ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ जगापुढे आलं. मोबाइलमधला प्रत्येक जेपेग फोटो याच गणितावर उभा आहे. ही तीन नावं आपल्याकडे घराघरांत माहीत असायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोन चौसष्ट तरंगांच्या बेरजेत मांडायचा, हे ते गणित. एवढ्याने चित्रातलं काहीच जात नाही. जातं ते पुढच्या पायरीला, प्रत्येक तरंगाचा आकडा ठरावीक मापाने भागून पूर्णांकात आणताना. पाव किलोच्या खाली वजनच ठेवायचं नाही असं वाण्याने ठरवलं, तर पन्नास ग्रॅम मोहरीची नोंद शून्य होईल, तसंच हे. काळ्या पडद्यावर उजेड जरा जरा उतरत असतो. माप मोठं झालं की तो उतार शून्यात जातो, प्रत्येक चौकोन एकाच सपाट रंगाचा उरतो आणि शेजारच्याशी त्याचा सांधा दिसू लागतो. माझ्या सीडीवर नेमकं हेच झालं होतं.

डीव्हीडी १९९६ साली जपानमध्ये विक्रीला आली. एका थरात ४.७ जीबी, दोन थरांत ८.५, आणि आत एमपेग-२, म्हणजे याच गणिताने आधीच दाबलेलं चित्र. १९९९मध्ये नॉर्वेतल्या योन लेक योहान्सन या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने आणि त्याच्या साथीदारांनी डीव्हीडीचं कुलूप उघडणारा प्रोग्राम बाहेर काढला. फ्रान्समध्ये जेरोम रोटाने मायक्रोसॉफ्टच्या एका कोडेकमध्ये फेरफार करून डिव्हएक्स बनवला. यातून एक ध्येय जन्माला आलं: एक चित्रपट, एक सीडी, ७०० एमबी.

तेव्हा सेटिंग म्हणजे भागाकार होता. अडीच तासांना ७०० एमबी, म्हणजे सेकंदाला जेमतेम साडेसहाशे किलोबिट, आवाज धरून. दोन फेऱ्यांचं एन्कोडिंग करायचं: पहिल्या फेरीत कुठे किती लागेल याचा अंदाज, दुसरीत वाटप. पण वाटायचं धान्यच मोजकं. चित्रपटभर दोन माणसं शांतपणे बोलोत की हाणामारी चालो, प्रत्येक चित्रपटाला पोतं एकाच मापाचं.

२००३मध्ये एच.२६४ हे प्रमाण ठरलं. लोरां एमारने त्याचा मुक्त एन्कोडर सुरू केला, एक्स२६४, आणि पुढे लोरेन मेरिटने तो वाढवला. त्यातल्या सीआरएफने, म्हणजे हँडब्रेकच्या पट्टीवरच्या त्याच आकड्याने, प्रश्नच फिरवला: फाइल केवढी हवी ते सांगू नका, चित्र कसं हवं ते सांगा. मोजपट्टी शून्य ते एक्कावन्न. दर सहा घरांना भागायचं माप दुप्पट होतं, म्हणून १८वरून २४ला जाणं दिसतं तेवढं छोटं नाही. धावपळीच्या दृश्यात डोळा बारकावे टिपत नाही, तिथे हा एन्कोडर हात आखडतो आणि वाचलेलं स्थिर चेहऱ्यावर खर्च करतो. मला यात मोठं शहाणपण दिसतं.

एक्स२६४चा मूळ आकडा २३. डीव्हीडीच्या आकाराला हँडब्रेकवाले १८ ते २२ सुचवतात, ब्लू-रेला मात्र २० ते २४. कमी दर्जाच्या डीव्हीडीला जास्त जपायचं, हे आधी उलटं वाटतं. पण ७२० बाय ५७६ ठिपके मोठ्या टीव्हीभर ताणले की प्रत्येक ठिपका मोठा होतो आणि त्यातली चूकही.

आवाजाला मात्र हात लावू नये. होम थिएटरचा रिसीव्हर डॉल्बी डिजिटल स्वतः उलगडतो, तेव्हा तो ट्रॅक जसाच्या तसा पुढे पाठवावा. आणि जुन्या कॅमेऱ्याच्या चित्रात हलत्या हाताला कंगव्याचे दात फुटलेले दिसले, तर डीइंटरलेस चालू करावं.

मी शेवटचं एक मिनिट तेवढं काढलं आणि तीनदा एन्कोड केलं. २२ला पडद्याच्या कोपऱ्यात सांधे जाणवले. २०ला ते जवळजवळ गेले, पण कॅमेऱ्याने अंधारात पकडलेला बारीक रवाही पुसला गेला आणि वडिलांचा गाल मेणासारखा दिसला. १८ला रवा परत आला. दिवे मंद झाले, वडील वळले, आणि पडदा शेवटपर्यंत काळा राहिला.