प्रस्तावनेतून गाळलेलं नाव

मंडळी, दरवर्षी ती यादी येते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सुरू केलेली, जगातल्या वरच्या दोन टक्के शास्त्रज्ञांची. मग 'आमच्या सरांचं हार्दिक अभिनंदन' अशा पोस्ट फिरतात. रिमोट सेन्सिंग, जीआयएस, उपग्रह नकाशे या विषयांत काम करणारेही त्यात असतात. सरांचं अभिनंदन करायलाच हवं. पण ही यादी मोजते काय, हेही एकदा बघू.

ती मोजते उल्लेख. तुमच्या शोधनिबंधाचा हवाला इतरांनी किती वेळा दिला, याचा हिशोब. 2005 साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने त्यासाठी एच-इंडेक्स काढला. एच-इंडेक्स 20 म्हणजे तुमचे 20 निबंध असे, की त्यातल्या प्रत्येकाचा उल्लेख निदान 20 वेळा झालाय. साधा हिशोब आहे. फक्त त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: काम ज्याने केलं, त्याचं नाव कागदावर आहे.

नाव कागदावर नसेल तर? किंवा होतं, पण नंतर काढलं तर? याचं उत्तर आपल्याच देशाच्या नकाशाच्या इतिहासात आहे.

1802 साली विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ पायारेषा मोजली आणि भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. त्रिकोणाला त्रिकोण जोडत हे काम उत्तरेकडे सरकत गेलं. लॅम्बटन 1823 साली आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्यामागून जॉर्ज एव्हरेस्ट आला. त्याला उत्तम गणित येणारी माणसं हवी होती. 1831 साली कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातला अठरा वर्षांचा एक मुलगा महिना 30 रुपयांवर नोकरीला लागला. राधानाथ सिकदार. हुद्दा होता 'कॉम्प्युटर'. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे यंत्र नव्हतं, आकडेमोड करणारा माणूस होता.

आकडेमोड म्हणजे नुसत्या बेरजा-वजाबाक्या समजू नका. उन्हाने साखळी लांबते, त्याची दुरुस्ती. पृथ्वी गोल, त्याची दुरुस्ती. हवेतून येताना प्रकाश वाकतो, म्हणून लांबचं शिखर आहे त्यापेक्षा उंच दिसतं, त्याचीही दुरुस्ती. मैदानात दुर्बीण लावणाऱ्याने कोन आणला, तरी त्यातून उंची काढायची ती या माणसांनी. राधानाथ यात इतके तयार झाले की खुद्द एव्हरेस्टने त्यांच्या गणिताची लेखी तारीफ केली. 1849 साली ते कलकत्त्यात मुख्य कॉम्प्युटर झाले. पुढे तिथल्या वेधशाळेचंही काम त्यांच्याकडे आलं.

माणूस वाकणारा नव्हता. 1843 साली देहरादूनच्या इंग्रज मॅजिस्ट्रेटने सर्व्हेच्या मजुरांना वेठीला धरून आपलं सामान वाहायला लावलं. राधानाथांनी ते सामान अडवून ठेवलं. खटला झाला, 200 रुपये दंड झाला. पण वेठबिगारीची बोंब कलकत्त्याच्या वर्तमानपत्रापर्यंत पोचली.

आता सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. राधानाथ धावत साहेबाच्या खोलीत गेले आणि म्हणाले, जगातलं सगळ्यांत उंच शिखर मी शोधलं! ऐकायला झकास आहे. पण तिला भक्कम पुरावा नाही. राधानाथ तेव्हा कलकत्त्यात आणि सर्व्हेयर जनरल अँड्र्यू वॉ देहरादूनला. 1849-50 मध्ये निकोलसन नावाच्या अधिकाऱ्याने बिहारच्या सपाटीवरून, शंभर मैलांहून लांबून 'पंधरा नंबरच्या शिखरा'चे कोन घेतले होते. आकडेमोडीला बरेच हात लागले. 1856 मध्ये वॉने 29,002 फूट उंची जाहीर केली आणि शिखराला आपल्या आधीच्या साहेबाचं, एव्हरेस्टचं नाव सुचवलं. 2020 साली नेपाळ आणि चीनने जाहीर केलेली उंची 8,848.86 मीटर आहे. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीचा हिशोब फक्त तीसेक फुटांनी चुकला! हे यश एकट्याचं नव्हतं. राधानाथांचा त्यात मोठा वाटा होता, एवढं म्हणणं रास्त आहे.

पण त्यांच्यावरचा खरा अन्याय शिखराच्या नावात नाही. तो एका पुस्तकात आहे, आणि तो छापील आहे.

1851 साली थ्युलिअर आणि स्मिथ या दोन कॅप्टनांनी सर्वेक्षणाचं एक जाडजूड मार्गदर्शक पुस्तक काढलं. देशभरचे मोजणी करणारे तेच वापरायचे. त्यातले गणिताचे अवघड भाग बाबू राधानाथ सिकदारांनी लिहिलेत, हे प्रस्तावनेत स्पष्ट सांगितलं होतं. 1870 मध्ये राधानाथ वारले. 1875 साली तिसरी आवृत्ती आली. थ्युलिअर तेव्हा स्वतः सर्व्हेयर जनरल होता. या आवृत्तीत राधानाथांचा मजकूर राहिला, पण श्रेयाचा उल्लेख गायब झाला.

गप्प मात्र सगळे बसले नाहीत. 1876 मध्ये 'फ्रेंड ऑफ इंडिया' या इंग्रजी पत्राने, हा मेलेल्या माणसाला लुटण्याचा प्रकार आहे, असं सुनावलं. सर्व्हेतल्या काही इंग्रजांनाही हे रुचलं नव्हतं. ज्यांचं राज्य होतं त्यांच्यातल्याच काहींना लाज वाटली, हेही लक्षात ठेवायला हवं.

आता आजच्या मोजपट्टीने बघा. पुस्तक वर्षानुवर्षं वापरात होतं, म्हणजे उल्लेख भरपूर. ते जमा कुणाच्या खात्यावर? मुखपृष्ठावरच्या दोन नावांच्या. राधानाथांचा एच-इंडेक्स काढायला बसलात, तर हाती शून्याच्या आसपास काहीतरी लागेल. आकड्यात चूक नसेल. नोंदच चुकीची असेल.

भारतीय टपाल खात्याने 2004 साली राधानाथांचं तिकीट काढलं, तेव्हा त्यांना जाऊन 134 वर्षं झाली होती.

म्हणून त्या याद्या फेकून द्या असं मी म्हणत नाही. उल्लेख मोजणं वाईट नाही. उलट, हवाला देणं हा प्रामाणिकपणा आहे, आणि त्या प्रस्तावनेत तो एकदा दाखवलाही होता. पण आज एखादा उपग्रह नकाशा छापून येतो, तेव्हा बांधावर जाऊन पीक तपासून आलेली पोरं, विहिरींची पातळी मोजणारे कर्मचारी, रात्रभर डेटा साफ करणारी प्रकल्प सहायक मुलगी, यांची नावं कुठे असतात? बऱ्याचदा शेवटच्या आभारात, तेही 'इतर सर्वांचे आभार' म्हणून.

तेव्हा पुढच्या वेळी अभिनंदनाची पोस्ट टाकाल, तर जरूर टाका. फक्त सरांना एवढं विचारा: सर, मोजणीला कोण कोण होतं? आणि त्यांची नावं आत लिहिलीत ना?