साथ नसतानाचा पैसा

परळला आज जिथे हाफकिन संस्था आहे, ती इमारत एके काळी मुंबईच्या गव्हर्नरांचा बंगला होती. 1882 मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा तिथे पटकीने मृत्यू झाला आणि पुढे लाटसाहेबांनी मलबार हिलचा रस्ता धरला. रोगाच्या धास्तीने ओस पडलेलं हे घर 1899 मध्ये प्लेगच्या प्रयोगशाळेला मिळालं. साथ दारात आली की सरकारची तिजोरी उघडते आणि ओसरली की मिटते, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. तक्रार खरी आहे, पण अर्धी. परळचा इतिहास आणखी एक गोष्ट दाखवतो: घाईत ओतलेल्या पैशातून इमारती आणि यंत्रं येतात, पण साथीत खरी उपयोगी पडते ती आधीच्या निवांत वर्षांत कुणीतरी पदरमोड करून सांभाळलेली विद्या.

याला पहिला आक्षेप खुद्द हाफकिन यांच्याच नावाने घेतला जातो. 1896 च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरमध्ये वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातली तुटपुंजी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या बळावर त्यांनी तीन महिन्यांत लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. मग सरकारी प्रयोगशाळांचा बारमाही खर्च हवा कशाला? बुद्धिमान माणूस आणि एक खोली पुरेशी नाही का? नाही, कारण ते तीन महिने मुळात तीन महिने नव्हतेच. हाफकिन पॅरिसच्या पाश्चर संस्थेत घडले होते. तिथे त्यांनी पटकीवरची लस बनवली आणि 1893 पासून हिंदुस्थानात फिरून ती हजारो लोकांना टोचली. जंतूंची लस कशी बनवावी, किती द्यावी, लोक का बिथरतात, हे सगळं शिकूनच ते मुंबईला उतरले होते. त्या शिक्षणाचं बिल मुंबई सरकारने भरलं नव्हतं, एवढंच. त्याच हंगामात सरकारचा जोर होता तो साथरोग कायद्यावर, घरझडतीवर आणि विलगीकरणाच्या छावण्यांवर. पुण्यात त्याची परिणती 22 जून 1897 रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर झाडलेल्या गोळ्यांत झाली.

घाईची किंमत संशोधकालाही मोजावी लागते. 1902 मध्ये पंजाबात मोठ्या प्रमाणावर टोचणी सुरू करायची ठरली आणि परळवर लशीची प्रचंड मागणी कोसळली. उत्पादन वाढवण्यासाठी तयार करण्याची पद्धत बदलली आणि त्यात कार्बॉलिक ॲसिड घालणं बंद झालं. ऑक्टोबरअखेर मलकोवाल गावात 107 जणांना टोचलं. त्यातल्या एकाच बाटलीतून लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने मेले. बाटली उघडताना वापरलेला चिमटा गावातच जमिनीवर पडला होता, हे नंतर पुढे आलं. तोवर हाफकिन निलंबित झाले होते. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी जाहीरपणे बाजू लावून धरल्यावर 1907 मध्ये ते दोषमुक्त झाले, पण परळला परतले नाहीत. ज्या संस्थेला 1925 मध्ये त्यांचं नाव मिळालं, ती त्यांना परत मिळालीच नाही. संशोधनाला पाठबळ देणं म्हणजे अपघात घडल्यावर चौकशी पुरी होईपर्यंत माणसाला वाऱ्यावर न सोडणंही असतं, आणि त्याला रोख पैसा फारसा लागत नाही.

पण प्रयोगशाळा टिकली, हे सरकारच्या खात्यावर जमा करायला हवं. उंदरांच्या पिसवांतून प्लेग पसरतो असं पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत दाखवलं, तेव्हा फार कुणी मनावर घेतलं नाही. 1905 पासून नव्या प्लेग आयोगाने परळच्याच प्रयोगशाळेत शिस्तीने प्रयोग करून ते पक्कं केलं. साथीचा पहिला हाहाकार ओसरून बरीच वर्षं झाली होती. पिंजऱ्यांत प्राणी टांगून पिसवा किती उंच उडी मारतात हे मोजणाऱ्यांना कुणी पगार देत राहिलं, म्हणून माणसांना डांबण्याऐवजी उंदरांकडे पाहण्याची बुद्धी आली.

दुसरा आक्षेप आजचा आहे: हे काम खासगी कंपन्या अधिक चांगलं करतात, सरकारने फक्त लस विकत घ्यावी. बनवण्यापुरतं हे मान्य करायला हरकत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ते सिद्ध केलं आहे. मात्र तिची मुळंही परळपर्यंत जातात. तिच्या संस्थापक पूनावालांच्या तबेल्यातले म्हातारे घोडे रक्तद्रव काढण्यासाठी हाफकिनला दिले जात, आणि त्यातूनच त्या धंद्याची कल्पना सुचली. शिवाय जो रोग अजून आलेलाच नाही, त्याला गिऱ्हाईक नसतं. पुण्यात 1952 साली सुरू झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलातला माकडताप शोधला, तेव्हा त्यात कोणत्या कंपनीला नफा दिसणार होता? हीच संस्था पुढे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाली. 2020 च्या जानेवारीत देशातला कोरोनाचा पहिला नमुना तिथे तपासला गेला आणि कोव्हॅक्सिन या लशीसाठी वेगळा केलेला विषाणूही तिथूनच आला.

हाफकिनची कथा याच्या उलट बाजूला पूर्ण होते. 1975 मध्ये संशोधन संस्थेपासून उत्पादनाचं महामंडळ वेगळं काढलं गेलं. 2021 च्या एप्रिलमध्ये, लशीसाठी केंद्रांबाहेर रांगा लागल्या असताना, याच महामंडळाला कोव्हॅक्सिन बनवण्याची परवानगी मिळाली. केंद्राचे 65 कोटी आणि राज्याचे 94 कोटी रुपये ठरले, वर्षाला 22 कोटी 80 लाख मात्रांचं उद्दिष्ट जाहीर झालं. मात्र त्या लशीला लागणारी अतिसुरक्षित उत्पादनशाळा परळला तयार नव्हती. ती उभी करायला आठ महिन्यांची मुदत दिली गेली, आणि रांगा त्या महिन्यातल्या होत्या.