मेळ का बसत नाही? : आयपॉड, संगणक आणि मालकीचा तंटा

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राज्याभिषेक डोळ्यांपुढे उभे राहतात. खिशात मावणाऱ्या गाण्याच्या यंत्राला कसला इतिहास, असे कोणी विचारील. परंतु हक्कांचे तंटे पुष्कळदा किरकोळ वस्तूंवरूनच उभे राहतात, आणि ते न्यायालयापर्यंत गेले म्हणजे त्यांचे खरे स्वरूप उघड होते. या शतकाच्या आरंभी जगभर असंख्य माणसांनी आपले गाण्याचे यंत्र वायरीने संगणकाला जोडले आणि पडद्यावर वाचले की, मेळ घालता येत नाही, अज्ञात चूक झाली आहे. बहुतेकांनी दोष आपल्याच अडाणीपणाला दिला. हा मेळ का बसत नसे, तो कसा बसवीत, आणि तो न बसण्यात कोणाचे हित होते, या तीन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम शब्द समजून घेऊ. संगणकवाले ज्याला 'सिंक' म्हणतात त्याला मेळ हा आपला जुना शब्द चांगला शोभतो. पेढीवर संध्याकाळी रोजमेळ घालतात, म्हणजे वहीतली शिल्लक आणि गल्ल्यातली रोकड ताडून पाहतात. फरक पडला तर प्रश्न उभा राहतो, खरे कोणाचे मानायचे? वहीचे की गल्ल्याचे? १९९६ साली निघालेल्या पाम पायलट या खिशातल्या टिपणवहीने या प्रश्नाचे समजुतीचे उत्तर दिले होते. एकच नोंद दोन्हीकडे वेगवेगळी बदललेली आढळली, तर ती दोन्ही नोंदी ठेवून घेई आणि निवाडा मालकावर सोपवी. गाण्यांच्या बाबतीत मात्र निराळेच घडले.

सोनी कंपनीचा पहिला वॉकमन जपानमध्ये १ जुलै १९७९ रोजी बाजारात आला. त्याला मेळाची गरज नव्हती. कॅसेट घालावी, बटण दाबावे, गाणे ऐकावे. ज्याच्या हाती कॅसेट त्याचे गाणे. कोणाची परवानगी नको, कोणाचे मस्टर नको. पुढे जर्मनीतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रान्डेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी एमपी-३ ही पद्धती विकसित केली. माणसाच्या कानाला जे ऐकू येण्यासारखे नसते ते गाळून टाकले, की गाण्याचा आकार सुमारे दहाव्या हिश्शावर येतो. एवढे लहान झालेले गाणे संगणकात ठेवता येऊ लागले, आणि संगणकातून खिशात नेता येऊ लागले. मेळाची आणि तंट्याची सुरुवात येथून झाली.

१९९८ साली अमेरिकेत डायमंड मल्टिमीडिया या कंपनीने रिओ पीएमपी-३०० हे यंत्र काढले. किंमत २०० डॉलर, साठवण ३२ मेगाबाइट, म्हणजे जेमतेम तासभर गाणी. संगणकाच्या ज्या तोंडाला तेव्हा प्रिंटर जोडत त्यालाच ते जोडावे लागे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने यावर दावा ठोकला. १९९२ च्या कायद्याप्रमाणे नक्कल करणाऱ्या यंत्राला बंधने व रॉयल्टी लागू होतात, ती रिओने पाळलेली नाहीत, असे त्यांचे म्हणणे. जून १९९९ मध्ये अपील न्यायालयाने निकाल डायमंडच्या बाजूने दिला. आपल्याजवळचे गाणे एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे हा ग्राहकाचा खाजगी, बिनव्यापारी वापर आहे, असे त्या निकालपत्राने म्हटले. मेळाच्या इतिहासात ग्राहकाला मिळालेला हा पहिला मोठा विजय होय.

कायद्याने जे दिले ते यंत्राच्या रचनेने काढून घेता येते, हे मात्र लवकरच दिसून आले. सोनीने १९९९ च्या अखेरीस मेमरी स्टिक वॉकमन काढला. त्याच्या सोबतच्या कार्यक्रमात, म्हणजे संगणकाला कामाच्या सूचना देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ग्रंथालयातून पुस्तक न्यावे तसे गाणे 'चेक-आउट' करावे लागे. तीन प्रती बाहेर गेल्या की चौथी मिळत नसे. आधीची एखादी परत जमा करावी, तीही त्याच संगणकाकडे, तेव्हा पुढची मिळे. गाणे आपले, पैसे आपण दिलेले, पण नेण्याआणण्याला गेटपास! ही पद्धत लोकांना रुचली नाही.

अशा वेळी, २३ ऑक्टोबर २००१ रोजी, अॅपल कंपनीने आयपॉड पुढे आणला. ५ गिगाबाइटची तबकडी, हजार गाणी, किंमत ३९९ डॉलर. फायरवायर नावाच्या वायरीने हजार गाणी दहा मिनिटांच्या आत भरतात, जुन्या यूएसबीने त्याला पाच तास लागतील, असा कंपनीचा हिशेब होता. वायर जोडली की मेळ आपोआप सुरू होई. या सोयीनेच लोकांची मने जिंकली, आणि तिचे श्रेय द्यावयास आम्ही कचरणार नाही. परंतु हा मेळ एकतर्फी होता. संगणकावरील आयट्यून्सची यादी मालक, आयपॉड तिचा हुकूम पाळणारा. यादीतून गाणे काढले की ते आयपॉडमधूनही जाई. आयपॉड दुसऱ्या संगणकाला जोडला तर प्रश्न येई की, यातील सर्व पुसून या संगणकाची यादी भरायची काय? उलट्या वाटेने, आयपॉडमधून संगणकात, गाणे आणण्याची सोय ठेवलेलीच नव्हती. विकत घेतलेल्या गाण्यांपुरती ती सप्टेंबर २००६ मध्ये आयट्यून्सच्या ७.० या आवृत्तीत आली. वेष्टनावर 'गाणी चोरू नका' अशी सूचना होती. रचनेतही तीच सूचना भरलेली होती.

आता आत काय घडत असे ते पाहू. आयपॉडच्या तबकडीवर एक लपविलेला कप्पा असे. त्यात गाणी निरनिराळ्या खणांत, मूळ नावे काढून टाकून, ठेवलेली असत. कोणते गाणे कोठे आहे याची नोंद आयट्यून्सडीबी नावाच्या एका वहीत असे. यंत्र ही वही वाची. प्रत्यक्ष गाण्यांकडे पाहत नसे. गिरणीत ज्यांनी काम केले आहे त्यांना ही गोष्ट चटकन समजेल. माणूस साच्यावर उभा आहे, घाम गाळतो आहे, पण मस्टरवर नाव नाही, तर हिशेबापुरता तो हजरच नाही. त्याचप्रमाणे वही बिघडली की हजार गाणी तबकडीवर असूनही पडद्यावर एकही गाणे दिसत नसे.

वही बिघडण्याचे नेहमीचे कारण घाई हे होय. मेळ चालू असता 'वायर काढू नका' अशी सूचना पडद्यावर दिसे, ती याचसाठी. संगणक गाणी आधी लिहितो आणि वही पुरी करतो मागाहून; मध्येच वायर ओढली तर वही अर्धवट राहते. दुसरे कारण वायरीचे. एकाच तोंडाला जोडपट्टी लावून चार यंत्रे जोडली की वीज पुरत नाही, म्हणून आयपॉड थेट संगणकाला जोडावा आणि वायर बदलून पाहावी. तिसरे कारण लिपीभेदाचे. मॅकिंटॉशवर तयार केलेली तबकडी एका मांडणीची आणि विंडोजवरची दुसऱ्या मांडणीची असे. पहिली विंडोजला वाचता येत नसे. चौथे, विंडोज प्रत्येक तबकडीला रोमन लिपीतले एकेक अक्षर देते. कचेरीच्या जाळ्यातील एखाद्या तबकडीने ते अक्षर आधीच पटकावले असेल तर आयपॉड जोडूनही दिसत नसे. पाचवे, एखादीच गाण्याची फाइल सडलेली असे, आणि तिच्यापाशी येऊन सगळा मेळ अडे. तेव्हा यादीचे दोन भाग करावेत, एक भरून पाहावा, अडला तर त्याचे पुन्हा दोन करावेत. हजार गाण्यांतली दोषी फाइल सुमारे दहा खेपांत सापडते. सहावे, दुकानातून घेतलेल्या गाण्याला कुलूप असे, आणि परवानगी २००४ पासून पाच संगणकांपुरती होती. परवानगी नसलेल्या संगणकावरून ते गाणे आयपॉडमध्ये जात नसे.

यंत्र गोठल्यास मेन्यू आणि मधले बटण एकत्र काही सेकंद दाबून ते पुन्हा सुरू करीत. सर्व उपाय हरले म्हणजे शेवटचा उपाय 'रिस्टोअर', म्हणजे यंत्र कारखान्यातून आले त्या स्थितीला नेणे. त्यात आतले सारे पुसले जाते. म्हणून गाण्यांची स्वतंत्र प्रत असल्याशिवाय ते बटण दाबू नये, असे जाणती माणसे सांगत. गरज पडे तेव्हा ते लपविलेल्या कप्प्यातून गाणी काढून घेणारे इतरांचे कार्यक्रम वापरीत.

येथवरचे सारे दोष प्रामाणिक म्हणता येतील. वायर तुटते, तबकडी झिजते, वही बिघडते. पण याच काळात आणखी एका जातीचे दोष उत्पन्न झाले. २८ एप्रिल २००३ रोजी अॅपलने गाण्यांचे दुकान उघडले. त्या दुकानातील कुलूपबंद गाणे खिशातल्या गाण्याच्या यंत्रांपैकी आयपॉडवरच वाजे, आणि इतर दुकानांची कुलूपबंद गाणी आयपॉडवर वाजत नसत. जुलै २००४ मध्ये रिअलनेटवर्क्स या कंपनीने, आपल्या दुकानातील गाणे आयपॉडला चालेल अशी 'हार्मनी' नावाची युक्ती काढली. अॅपलने तिला चोरवाटेचे कृत्य ठरविले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नव्या आयपॉडवर ती चालेनाशी झाली. सप्टेंबर २००७ मधील नव्या आयपॉडांत वहीवर एक गुप्त शिक्का आला. आयट्यून्सखेरीज दुसऱ्या कार्यक्रमाने वही लिहिली की शिक्का जुळत नसे, आणि यंत्र गाणी शून्य असल्याचे दाखवी. लिनक्स वापरणाऱ्या हौशी मंडळींनी काही दिवसांतच तो शिक्का उलगडला.

२००९ साली तर उघड झटापट झाली. पाम कंपनीचा प्री हा फोन जूनमध्ये निघाला. तो स्वतःला आयपॉड म्हणवून आयट्यून्सशी मेळ घाली. जुलैमध्ये अॅपलने नवी आवृत्ती काढून त्याला दाराबाहेर केले. पामने सुमारे आठवड्याने अॅपलचाच ओळखक्रमांक लावून पुन्हा प्रवेश मिळविला. यूएसबीच्या नियामक मंडळाने त्याबद्दल पामलाच समज दिली. ऑक्टोबरपर्यंत दार असे उघडत-मिटत राहिले. दोन मालकांच्या या झुंजीत मेळ बिघडे तो फोन घेणाऱ्याचा, आणि त्याला कारण कोणीही सांगत नसे.

या सर्वांचा हिशेब न्यायालयात झाला तो डिसेंबर २०१४ मध्ये, कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे. मूळ दावा जानेवारी २००५ मधला. सुमारे ८० लाख आयपॉड-खरेदीदारांच्या वतीने जवळजवळ ३५ कोटी डॉलरची भरपाई मागितलेली. वादींच्या वकिलांनी ज्यूरीपुढे सांगितले की, २००७ ते २००९ या काळात प्रतिस्पर्ध्याच्या दुकानातील गाणी असलेला आयपॉड मेळासाठी जोडला की चूक झाल्याचा संदेश येई आणि यंत्र रिस्टोअर करावयास सांगे. रिस्टोअर केले की ती गाणी नाहीशी होत. कंपनीच्या सुरक्षा विभागाच्या संचालकांनी साक्षीत सांगितले की, हे उपाय घुसखोरांपासून ग्राहकाचे रक्षण करण्यासाठी होते, आणि ग्राहकाला फार तपशील देऊन गोंधळात टाकण्याची आवश्यकता नव्हती.

१६ डिसेंबर २०१४ रोजी ८ जणांच्या ज्यूरीने काही तासांच्या विचारानंतर अॅपलच्या बाजूने एकमताने निर्णय दिला. आयट्यून्स ७.० ही खरीखुरी सुधारणा होती, असे त्यांनी ठरविले. हा निर्णय आम्ही मानतो. ध्वनिमुद्रण कंपन्यांनी गाणी देतानाच कुलुपाची अट घातली होती आणि कुलूप फुटले तर दुकान धोक्यात येई, हेही खरे आहे. जानेवारी २००९ मध्ये त्या कंपन्यांची संमती मिळाल्यावर अॅपलने गाण्यांवरील कुलूप काढण्याचे जाहीर केले, हेही विसरता कामा नये.

परंतु ज्यूरीपुढचा प्रश्न मर्यादित होता. ज्याने पैसे मोजून यंत्र घेतले त्याला नकाराचे खरे कारण कळण्याचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न तेथे ठरला नाही. आमच्या संघटनेच्या कामात पहिला धडा हाच असतो. कामगाराला काढावयाचे तर आरोपपत्र द्या, कारण लिहा, म्हणजे त्याला उत्तर देता येईल. कारणाशिवाय केलेली शिक्षा, शिक्षा योग्य असली तरी, अन्यायाची ठरते. 'अज्ञात चूक' हे शब्द वायर तुटल्यावरही दिसावेत आणि मालकाने दार लावल्यावरही दिसावेत, तर सामान्य माणसाने दुरुस्ती करावी की दाद मागावी? दोषाला दुरुस्ती लागते आणि नकाराला दाद. दोन्हींना एकच नाव दिले म्हणजे माणूस आपल्यालाच अडाणी समजून स्वस्थ बसतो.

२०१९ मध्ये मॅकिंटॉशवरील आयट्यून्सचे विभाजन झाले, आणि १० मे २०२२ रोजी अॅपलने शेवटचा आयपॉड बंद करीत असल्याचे जाहीर केले. आता गाणी दरमहा भाड्याने मिळतात आणि मेळाची कटकट राहिलेली नाही. ती राहिली नाही, कारण मेळ घालण्यासारखे आपल्या घरी काही उरलेले नाही. वर्गणी थांबली की फोनमध्ये उतरवून घेतलेले गाणेही वाजत नाही. ही सोय ज्याला पटते त्याने ती जरूर घ्यावी. मात्र जी गाणी, जी छायाचित्रे, जे कागद आपल्याला जिवापाड वाटतात, त्यांची एक प्रत कुलुपाशिवाय आपल्या हाती ठेवावी. आणि कोणतेही यंत्र 'चूक झाली' एवढेच सांगून थांबले, तर कोणाची आणि कोणती, हे विचारल्याशिवाय पुसण्याचे बटण दाबू नये.