शेजारच्या सीटची कुळकथा

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना ओपन सीटिंग वेगळं समजावून सांगायला नको. गाडी फलाटाला लागते न लागते तोच बाबा खिडकीखाली. रुमाल आत, टोपी आत, वेळ पडली तर शेंडेफळही खिडकीतूनच आत. आई बाकीच्या पोरांना घेऊन दारातल्या रेटारेटीतून मागाहून यायची. सगळ्या धावपळीत घरच्यांना एवढंच हवं असायचं की आपली माणसं एका बाकावर बसावीत.

विमानातही हे पन्नासहून अधिक वर्षं चाललं. तिकिटावर सीट नंबर नाही. आत शिरा, रिकामी दिसेल ती जागा घ्या. अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइन्सने ही पद्धत सर्वांत जास्त काळ चालवली आणि 27 जानेवारी 2026 पासून ती बंद करून सीट नंबर द्यायला सुरुवात केली. एका पद्धतीचा असा शेवट झाला की तिची कुळकथा सांगावीशी वाटते. त्यातही मला सांगायची आहे ती तिच्या पोटातली एक छोटी गोष्ट, लहान मुलाला आईबापाशेजारी मिळणाऱ्या जागेची.

या पद्धतीचा जन्म कुटुंबांसाठी झालेला नाही. 1961 मध्ये ईस्टर्न एअरलाइन्सने न्यूयॉर्कहून बोस्टन आणि वॉशिंग्टनला ‘शटल’ सुरू केली. आरक्षण नाही, सीट नंबर नाही, तिकिटाचे पैसेसुद्धा विमान उडाल्यावर घेत. एक विमान भरलं तर उरलेल्यांसाठी दुसरं तयार असे. ही सोय होती ती बॅग घेऊन एकटे कामाला जाणाऱ्या माणसांची. त्यांना शेजारी कोण बसतंय याच्याशी कर्तव्य नव्हतं.

दहा वर्षांनी, 18 जून 1971 रोजी, टेक्सासमध्ये साउथवेस्टची पहिली विमानं उडाली. रोलिन किंग आणि हर्ब केलेहर यांनी उभी केलेली ही कंपनी डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनिओ या तीन शहरांपुरती होती. ताफ्यात बोइंग 737 जातीची अवघी तीन विमानं. पुढे चौथं आलं, पण पैशांची चणचण इतकी की 1972 मध्ये ते विकावं लागलं. वेळापत्रक मात्र चार विमानांचं होतं, आणि ते मोडायचं नाही असं ठरलं. मग हिशेब एकच उरला. उतरलेलं विमान दहा मिनिटांत पुन्हा उडालं पाहिजे.

दहा मिनिटांत उतारू खाली, सामान खाली, साफसफाई, नवे उतारू वर, सामान वर. अशा वेळी कोणी बारा नंबरची ओळ शोधत वाटेत उभं राहिलं, किंवा ‘ही माझी खिडकी’ म्हणून वाद घालू लागलं, तर मिनिटं हातची जातात. नंबरच नसले की वादच नाही. शिवाय चांगली जागा हवी असलेला माणूस आपणहून लवकर येऊन गेटवर उभा राहतो. ओपन सीटिंग तिथे रुजलं ते या दहा मिनिटांमुळे.

गेटवर मिळे ते प्लॅस्टिकचं कार्ड. त्यावर ठळक आकडा. आधी येईल त्याला लहान आकडा, आणि त्या क्रमाने तीस-तीसच्या गटांनी आत सोडत. विमानाच्या दारात ते कार्ड परत घेत आणि पुढच्या उड्डाणाला तेच पुन्हा वाटत. एकच कार्ड कित्येक हातांतून फिरून कडा झिजेपर्यंत वापरलं जाई. 2001 च्या हल्ल्यांनंतर सुरक्षेचे नियम कडक झाले, तेव्हा ही कार्डं गेली आणि छापील पास आले.

याच कंपनीने संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी भाडं निम्म्यावर आणलं. 26 डॉलरच्या प्रवासाला 13 डॉलर. मोटारीने तासन्‌तास जाणारी कुटुंबं विमानाकडे वळली ती तेव्हा. एकट्या उतारूंसाठी घडवलेल्या पद्धतीत आता कडेवर मूल आणि हातात दुधाची बाटली घेतलेली आई आली.

तिच्यासाठी वाट काढली ती अगदी घरगुती रीतीने: लहान मुलं असलेल्यांना सर्वांच्या आधी आत सोडायचं. त्या जुन्या विमानांत काही ठिकाणी तीन सीट पुढे तोंड करून आणि समोर तीन सीट मागे तोंड करून असत, आपल्या रेल्वेच्या डब्यासारख्या. सहा माणसं गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर. चार पोरांचं कुटुंब तिथे घरच्यासारखं बसत असे. पुढे विमानांच्या नव्या पिढीबरोबर या बैठका गेल्या. मला त्यांची हळहळ वाटते. कुटुंब म्हणून बसण्याची याहून चांगली सोय विमानात मला माहीत नाही.

2007 साल या कुळकथेतलं वळणाचं. गेटपाशी जमिनीवर बसून रांगा धरणं बंद झालं आणि प्रत्येकाला अक्षर व आकडा मिळू लागला: ए 1 ते 60, मग बी, मग सी. गेटजवळ आकडे लिहिलेले खांब उभे राहिले. त्याच सुमारास लहान मुलांच्या कुटुंबांना सर्वांत आधी सोडणं थांबवून ए गटानंतर आणि बी गटाच्या आधी सोडायचं ठरलं. आईबाप नाराज झाले, पण गणित तपासलं तर ही व्यवस्था वाईट नव्हती. 143 सीटच्या विमानात साठ माणसं बसली तरी अर्ध्याहून अधिक जागा उरतात. लवकर शिरलेला माणूस पुढची खिडकी किंवा वाटेकडची सीट धरतो; शेपटीकडच्या तीन-तीनच्या ओळी अखंड राहतात. कुटुंबाने सरळ मागे चालत जायचं, की एक ओळ पूर्ण आपली. पैसे नाहीत, विनवण्या नाहीत. रुमालसुद्धा नको.

दुखणं होतं ते वयाच्या अटीत. अलीकडच्या नियमाप्रमाणे ही सवलत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना. सात वर्षांचं मूल काय एकटं बसतं? ज्यांना सी गटाचा आकडा आला त्यांच्या वाट्याला विमानभर विखुरलेल्या मधल्या सीट. मग केबिन क्रूने घोषणा करायची, कोणीतरी परक्या माणसाने उठून जागा द्यायची. बहुतेक वेळा कोणी ना कोणी उठायचं. पण ते त्या माणसाचं सौजन्य झालं, आईचा हक्क नव्हे.

त्यात आकडाही विकत मिळू लागला. नवी पद्धत आली त्याच वर्षी महाग तिकीट काढणाऱ्यांसाठी ए गटातले पहिले 15 आकडे राखले गेले. 2009 मध्ये 10 डॉलर जादा भरणाऱ्याचं चेक-इन आपोआप आधी होऊ लागलं. बाकीचे उड्डाणाच्या बरोबर 24 तास आधी मोबाइल हातात घेऊन घड्याळाकडे बघत बसत. एकाने जादा पैसे भरून लवकर शिरायचं आणि बायकोमुलांसाठी ओळ अडवायची, ही युक्तीही रुळली. कंपनीने तिला ना परवानगी दिली ना बंदी घातली, आणि त्यावरून विमानात भांडणं झाली. लवकर येणाऱ्याला चांगली जागा, हा साधा न्याय इथे मोडला, असं माझं स्पष्ट मत आहे.

युरोपात ईझीजेटने 2012 मध्ये आणि रायनएअरने 2014 मध्ये ओपन सीटिंग सोडलं. पण नंबर आले म्हणून कुटुंबं आपोआप एकत्र आली नाहीत, उलट शेजारची सीट निवडायचे पैसे पडू लागले. अमेरिकी संसदेने 2016 च्या कायद्यात 13 वर्षांपर्यंतच्या मुलांना घरच्या माणसाशेजारी बसवण्याचा विषय घातला, आणि त्यासाठी जादा पैसे घेऊ नयेत असा नियमाचा मसुदा तिथल्या वाहतूक खात्याने ऑगस्ट 2024 मध्ये मांडला.

आपल्याकडे हा अनुभव आणला तो कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने. 2003 मध्ये हुबळी-बंगळूर उड्डाणाने सुरुवात झाली, आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ त्यांचं बोधचिन्ह. सुरुवातीला सीट नंबर नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणारी माणसं शिडीकडे झपाझप चालत, आणि एसटी स्टँडवर शिकलेली विद्या धावपट्टीशेजारी कामी येई. ती कंपनी पुढे किंगफिशरमध्ये विलीन झाली. नंबर आले, आणि त्यांच्यामागून सीट निवडण्याचे दरही.

म्हणून एप्रिल 2024 मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, विमान कंपन्यांना दिलेला आदेश मला मोलाचा वाटतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाजवळ सीट दिलीच पाहिजे, आणि त्याची नोंद ठेवली पाहिजे. गेटवरच्या कर्मचाऱ्याची माया आणि परक्या उतारूचं सौजन्य यांवर जे इतकी वर्षं चाललं, ते आता कागदावर आलं आहे.

तेव्हा दिवाळीच्या, मे महिन्याच्या सुट्टीची तिकिटं काढताना घरातल्या सगळ्यांची एकाच पीएनआरवर काढा. आणि वेब चेक-इन करताना मुलाची सीट तुमच्यापासून दूर पडलेली दिसली, तर सीट बदलायचे पैसे भरू नका. आधी काउंटरवर जा आणि हा आदेश दाखवून शेजारची सीट मागा.