उजव्या स्टिअरिंगचं शहर

व्लादिवोस्तोक हे नाव आपण बहुतेकांनी शाळेत भूगोलाच्या पुस्तकात वाचलेलं असतं. ट्रान्स-सैबेरियन रेल्वेचं शेवटचं स्टेशन, रिकाम्या जागा भरा, एक मार्क, विषय संपला. मॉस्कोहून रेल्वेने ९,२८८ किलोमीटर. मला या गावाबद्दल कुतूहल वाटायला लागलं ते एका फोटोमुळे. चढाचा रस्ता, कडेला बर्फ, गाड्यांची लांबच लांब रांग. गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चाललेल्या (रशियात तसाच नियम आहे), पण गाडीगाडीत ड्रायव्हर बसलाय तोही उजवीकडे, म्हणजे फुटपाथच्या बाजूला! एखाद्या गाडीत नव्हे, जवळजवळ सगळ्यांत. आधी वाटलं फोटो उलटा छापलाय. पण पाट्या तर सरळ होत्या. मग शोधत गेलो, आणि हाती लागला तो एका गावाच्या पोटापाण्याचा तीसेक वर्षांचा इतिहास. तोच आज सांगतो.

सुरुवात जपानपासून करायला हवी. जपानमध्ये गाडी घेणं सोपं, ती ठेवणं महाग. तिथे ‘शाकेन’ नावाची सक्तीची तपासणी असते. नव्या गाडीला पहिली तपासणी तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. तपासणीची फी, वजनावरचा कर, विमा आणि दुरुस्ती असं सगळं एकदमच अंगावर येतं. १९९५ पर्यंत तर दहा वर्षांहून जुन्या गाडीला हा प्रकार दरवर्षी होता. त्यामुळे जपानी माणूस उत्तम चालणारी गाडी आपल्याला हळहळ वाटावी अशा किमतीत काढून टाकतो. रस्ते गुळगुळीत, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी, किलोमीटर कमी. अशा गाड्या जगभर जातात. न्यूझीलंड, केनिया, पाकिस्तान, श्रीलंका… हे सगळे डाव्या बाजूने चालणारे देश, तेव्हा त्यांचं ठीकच आहे. पण व्लादिवोस्तोकने त्या का घ्याव्यात?

कारण दुसरं काही मिळत नव्हतं, आणि हे समुद्रापलीकडे समोरच होतं.

सोव्हिएत काळात गाडी ‘विकत घ्यायची’ नसे, तिच्यासाठी नंबर लावायचा असे. तोल्यात्ती गावातल्या कारखान्यात फियाट १२४ वरून बनवलेली झिगुली मिळायला वर्षंच्या वर्षं जात. (आपल्याकडच्या ज्येष्ठ मंडळींना हे वेगळं समजावून सांगायला नको. फियाटच्याच दुसऱ्या मॉडेलवरून बनलेली आपली पद्मिनी आणि बजाजच्या स्कूटरचं बुकिंग आठवा. नंबर आधी लागतो की मुलाचं लग्न आधी होतं, असे विनोद तेव्हा घरोघरी होते.) त्यात व्लादिवोस्तोक पडलं देशाच्या पार टोकाला. शिवाय पॅसिफिक आरमाराचा तळ असल्यामुळे १९९२ पर्यंत परदेशी माणसाला तिथे प्रवेशच नव्हता.

पण खलाशांना जग दिसत होतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला मालवाहू आणि मासेमारी जहाजांवरचे लोक जपानी बंदरांतून परत येताना डेकवर एखादी जुनी टोयोटा बांधून आणायला लागले. पुढे सोव्हिएत युनियनच संपलं, लष्करी कामांवर चालणारे कारखाने बंद पडले, पगार महिनोन्महिने थकले. मग जे हौसेपोटी चाललं होतं त्याचा धंदा झाला. इंजिनिअर, मास्तर, नौदलातून बाहेर पडलेले अधिकारी… ज्यांना जमलं ते गाड्यांकडे वळले. शहराबाहेरच्या एका टेकाडावर मोठा बाजार उभा राहिला, नाव झेल्योनी उगोल, म्हणजे ‘हिरवा कोपरा’. आता हिरवं तिथे किती होतं देव जाणे! फोटोत तरी डोंगरउतारावर पायऱ्या पायऱ्यांनी लावलेल्या गाड्याच गाड्या दिसतात.

त्या बाजाराच्या जोडीने किती पोटं भरत होती ते बघा. जहाजवाले, जकातीचे कागद करणारे एजंट, मेकॅनिक, टायरवाले, आणि हेडलाइट बदलून देणारे. हेडलाइटचं काम वरवर किरकोळ वाटतं, पण ते तसं नाही. डाव्या बाजूने चालायला बनवलेल्या गाडीचा झोत किंचित डावीकडे, रस्त्याच्या कडेला पडतो. तीच गाडी उजवीकडून चालवली की तो झोत समोरच्याच्या थेट डोळ्यांत. ओव्हरटेक करताना तर ड्रायव्हरला पुढचं काहीच दिसत नाही, शेजारी बसलेल्याने डोकावून “हं, काढ” म्हणायचं. गाडीतली यंत्रं जपानीत बोलायची ती वेगळीच. टोलचं कार्ड टाकलेलं नाही असं गोड बायकी आवाजात गाडी दर वेळी सांगणार, आणि रशियन ड्रायव्हर ते वर्षानुवर्षं ऐकणार. डिलिव्हरी व्हॅनवर जपानी दुकानांची नावं तशीच. पोलिसांच्या गाड्यासुद्धा उजव्या स्टिअरिंगच्या, मग बोलणार कोण?

आणि या सगळ्यांत मला सर्वांत आवडलेली जमात म्हणजे ‘पेरेगोनश्चिक’, गाडी चालवत पोचवून देणारे. बाजारातली गाडी इर्कुत्स्क, नोव्होसिबिर्स्कच्या गिऱ्हाइकाकडे न्यायची, म्हणजे हजारो किलोमीटर. मधे चिता ते खाबारोव्स्क हा सुमारे २,१०० किलोमीटरचा पट्टा, जिथे कितीतरी ठिकाणी रस्ता नावालाच होता, नुसती खडी. म्हणून निघण्यापूर्वी गाडीचा पुढचा भाग पुठ्ठे, प्लास्टिक आणि चिकटपट्टीने गुंडाळून टाकायचा, हेडलाइटसकट. मुंडावळ्या बांधल्यासारखी सजलेली गाडी! नव्वदच्या दशकात वाटमारीही होती, त्यामुळे चार-पाच गाड्यांनी मिळून जायचं, रात्री आळीपाळीने जागायचं. आपल्याकडे बैलगाड्यांचे तांडे जायचे तसंच की.

आता समुद्राच्या अलीकडच्या, म्हणजे जपानच्या बाजूला या. गाड्या निघायच्या त्यातलं एक मोठं ठिकाण तोयामा जिल्ह्यातलं फुशिकी बंदर. तिथून जवळच इमिझू म्हणून गाव आहे. तिथल्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ८ च्या कडेला जुन्या गाड्यांचे आवारच्या आवार, पाट्यांवर रशियन अक्षरं, आणि मालक कोण? पाकिस्तानी! १९८९ च्या सुरुवातीपर्यंत पाकिस्तानी माणसाला जपानमध्ये थोड्या दिवसांसाठी व्हिसाशिवाय जाता येई. तेव्हा कारखान्यांत कामाला गेलेल्यांपैकी काही तिथेच स्थिरावले आणि पुढे या धंद्यात शिरले. गाडी जपानी, विकणारा पाकिस्तानी, घेणारा रशियन. गावात मशीदही आहे, हलाल जेवणाची हॉटेलंही आहेत. कुठल्याही सरकारने योजना आखून हे घडवलेलं नाही. आखली असती तर बहुधा घडलंच नसतं, हे आपलं माझं मत.

सरकारचं लक्ष गेलं ते अर्थातच कर लावण्यासाठी. मॉस्कोला हा धंदा कधीच आवडला नाही. २००५ साली उजव्या स्टिअरिंगवर बंदी येणार अशी बातमी उठली तेव्हा लोकांनी गाड्यांना नारिंगी फिती बांधून, हॉर्न वाजवत मोर्चे काढले. बंदी मागे पडली. पण २००८ मध्ये मंदी आली, तोल्यात्तीच्या गाड्या गोदामात साठायला लागल्या, आणि त्याच वर्षी जपानहून रशियात आलेल्या जुन्या गाड्यांची संख्या पाच लाखांच्या वर गेली होती. तेव्हा पंतप्रधान असलेल्या पुतिन यांनी जकात वाढवायचं ठरवलं.

तत्पूर्वी एक पळवाट होती. अख्खी गाडी आणली तर जकात जबर, सुटे भाग आणले तर कमी. म्हणून जपानमध्ये गाडी सोडवायची, बॉडी वेगळी, इंजिन वेगळं असं आणायचं आणि इकडे पुन्हा जोडायचं. या गाड्यांना नावच पडलं ‘कन्स्ट्रुक्तर’, आपल्या मेकॅनोसारखं. २००८ च्या शरद ऋतूत सरकारने ते ओळखून नुसत्या बॉडीवर किमान ५,००० युरो जकात लावली. मग काय करावं? लोकांनी बॉडीच करवतीने कापून आणायला सुरुवात केली! अर्धी गाडी म्हणजे गाडी नव्हे आणि बॉडीही नव्हे, सुटा भाग. इकडे आणून वेल्डिंग. याला ‘रास्पिल’, म्हणजे करवतीने कापलेली, म्हणत. वाचताना हसू येतं खरं, पण अशा वेल्डिंगच्या गाडीतून मुलाबाळांना घेऊन बर्फातून जायचं म्हणजे काय होत असेल याचा विचार केला की हसू थांबतं.

नवी जकात ११-१२ जानेवारी २००९ पासून लागू होणार होती. आधी सात वर्षांवरच्या गाडीला न परवडणारा दर होता, आता ती मर्यादा पाच वर्षांवर आली. झेल्योनी उगोलवरचा माल मुख्यतः नेमक्या याच वयाचा. १४ डिसेंबर २००८ ला लोक रस्त्यावर उतरले, हजारोंनी. प्रांताच्या विधिमंडळानेसुद्धा मॉस्कोला कळवलं की हा निर्णय पुढे ढकला. पुढच्या रविवारी, २१ तारखेला, लोक मुख्य चौकात नवीन वर्षाच्या झाडाभोवती जमले. काही जण तर फेर धरून नाचत होते, म्हणजे याला निदर्शनं म्हणू नका, सण आहे! तेव्हा ‘झुबर’ नावाची दंगलविरोधी पोलिसांची तुकडी खास विमानाने आणलेली होती, कुठून, तर मॉस्कोजवळून. सात टाइम झोन ओलांडून. लोकांना मारहाण करून गाड्यांत कोंबलं, बातमीदारही सुटले नाहीत. स्थानिक पोलिसांना का वापरलं नाही, याचं उत्तर सरळ आहे असं मला वाटतं. त्यांच्या घरी जपानी गाड्याच होत्या.

जकात वाढलीच. २००९ मध्ये जपानहून येणाऱ्या गाड्यांचा आकडा एक लाखाच्याही खूप खाली घसरला. तोल्यात्तीच्या गाड्या पूर्वेकडे खपाव्यात म्हणून रेल्वेचं भाडं सरकारने भरलं.

इथे जरा थांबतो, कारण हे एकतर्फी होतंय. त्या वेळी तोल्यात्तीच्या कारखान्यात लाखभर माणसं कामाला होती, सगळं गाव त्यावर उभं. त्या माणसाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, दुसऱ्याने वापरून टाकलेल्या गाड्यांसाठी माझी नोकरी का घालवता? आणि आपण तरी वेगळं काय केलं? भारतात जुनी गाडी आणायची मुभा मिळाली तेव्हा अटी काय होत्या माहीत आहे? तीन वर्षांहून जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडेच, हेडलाइट डाव्या बाजूच्या वाहतुकीचे, उतरवायची फक्त मुंबई बंदरात, वर भरभक्कम कर. म्हणजे कुणी आणूच नये अशी व्यवस्था. आमच्या नात्यातली अर्धी मंडळी पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांवर जगली, त्यातले बरेच जण हे वाचतील. त्यांना ही व्यवस्था चुकीची वाटणार नाही, आणि मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. फरक एवढाच की आपल्याकडे अशा धंद्यावर जगणारं शहर आधी उभं राहिलेलं नव्हतं. तिथे वीस वर्षं उभं राहू दिलं, आणि मग तीन आठवड्यांत, पोलीस पाठवून, त्याच्या पायाखालची जमीन काढली. जकात लावण्यापेक्षा ही पद्धत मला जास्त खटकते.

यानंतरचा एक किस्सा सांगायलाच हवा. चिता-खाबारोव्स्क रस्ता २०१० मध्ये डांबरी झाला, तेव्हा पुतिन स्वतः पिवळी लाडा कलिना चालवत त्यावरून गेले, देशी गाडी किती भरवशाची हे दाखवायला. कुणीतरी रस्त्याकडेला उभं राहून ताफ्याचं शूटिंग केलं. त्यात आणखी दोन पिवळ्या कलिना दिसल्या, एक तर ट्रकवर चढवलेली. अख्खा रशिया हसला. पेरेगोनश्चिक तर काय हसले असतील!

व्लादिवोस्तोकचाच पत्रकार वासिली आवचेन्को याने २००९ मध्ये या सगळ्यावर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव ‘प्रावी रूल’, म्हणजे उजवं स्टिअरिंग. रशियनमध्ये ‘प्रावी’चा अर्थ उजवा आणि बरोबर, न्याय्य असाही होतो. आपल्याकडेही एखादी गोष्ट दुसरीपेक्षा ‘उजवी’ म्हणतातच ना. मराठीत या नावाचं भाषांतर करायला अडचण नाही.

सरकारने नुसतं काढून घेतलं असंही नाही, व्लादिवोस्तोकला गाड्या जोडायचा कारखाना दिला. तिथे २०१२ पासून माझदा कंपनी भागीदार होती. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २०२२ मध्ये माझदाने आपला हिस्सा एका युरोला देऊन टाकला. पाश्चात्त्य आणि जपानी कंपन्या गेल्या, नव्या गाड्या दुर्मिळ झाल्या, आणि जपानची जुनी गाडी पुन्हा भाव खाऊ लागली. मग जपान सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये १,९०० सीसीवरच्या, तसंच हायब्रीड आणि विजेच्या गाड्या रशियाला पाठवायला बंदी घातली. या वेळी दार पलीकडून लागलं. राहिल्या छोट्या पेट्रोल गाड्या. रशियाने आपल्या बाजूने २०१२ मध्ये सुरू केलेलं ‘भंगार शुल्क’ वाढवत नेलं, आणि १ डिसेंबर २०२५ पासून स्वतःसाठी गाडी आणणाऱ्यालाही ते इंजिनाच्या ताकदीवर बांधलं. १६० हॉर्सपॉवरच्या आतली असेल तरच सवलत. म्हणजे आता जपानी लिलावाची यादी उघडली की गिऱ्हाईक आधी रंग नाही, वर्ष नाही, हॉर्सपॉवर बघणार.